निस्तार की हक्क? रोजच्या संगणकासाठी प्रणाली निवडताना



रोजच्या कामाच्या संगणकावर कोणती मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीम असावी, हा आजचा विषय आहे. या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा आवडीनिवडीवर सोडलं जातं. कुणाला पडद्याची मांडणी आवडते, कुणाला वेग महत्त्वाचा वाटतो, कुणी मित्राने टाकून दिलं तेच वर्षानुवर्षं वापरतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मात्र हा प्रश्न आवडीच्या पातळीवर सोडून चालणार नाही, असं मला वाटतं. सामाईक संपत्ती कुणाची, तिचे नियम कोण ठरवणार आणि तिची निगा कोण राखणार, हे प्रश्न इथल्या गावांनी जंगलाच्या बाबतीत देशात सर्वांत आधी आणि सर्वांत नेटाने सोडवले आहेत. तीच कसोटी संगणकाला लावावी, आणि ती लावली की निवड डेबियन या प्रणालीवर येऊन थांबते, हे मी आज कारणांसह मांडणार आहे.

हा प्रश्न आत्ताच का, ते आधी पाहू. विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. काही काळाची मुदतवाढ मिळते, पण पुढची दिशा ठरलेली आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, किमान ४ जीबी मेमरी आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. आपल्याकडच्या शाळांत, ग्रामपंचायतींत आणि घरांत असलेले कितीतरी संगणक या अटींत बसत नाहीत. त्यांचा कीबोर्ड चालतो, पडदा चालतो, प्रोसेसरही काम करतो. तरी एका कंपनीच्या वेळापत्रकानुसार ते निकामी ठरतात. मग दुकानदार ‘फॉरमॅट मारून’ परवान्याविना विंडोज टाकून देतो आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळालेलं यंत्र कामाला लागतं. अशा यंत्रांचं काय होतं, हे मे २०१७ मध्ये जगाने पाहिलं. वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने वेळेवर दुरुस्ती न झालेले विंडोज संगणक देशोदेशी बंद पाडले. ग्रामसभेचे हिशेब, वनहक्काच्या दाव्यांचे नकाशे, विद्यार्थ्यांची कागदपत्रं ज्या यंत्रावर आहेत, ते असं उघड्यावर ठेवणं हा मोठा धोका आहे.

आता जंगलाकडे वळू. हा भाग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. जमीनदारी-मालगुजारी गेली तेव्हा गावकऱ्यांच्या वापराच्या नोंदी निस्तारपत्रकात झाल्या. निस्तार म्हणजे सरपण, बांबू, चराई, घरबांधणीचं लाकूड यांसाठी जंगल वापरण्याची सोय. ही सोय गावांच्या जगण्याचा आधार होती, पण व्यवस्थापन गावाकडे नव्हतं. कोणता बांबू कुणाला द्यायचा, कधी तोडायचा, कोणत्या दराने द्यायचा, हे दुसरीकडे ठरत होतं. २००६ च्या वनहक्क कायद्याने हे चित्र पालटलं. त्याच्या कलम ३(१)(झ), म्हणजे इंग्रजी प्रतीतल्या ३(१)(आय) मध्ये, सामूहिक वनसंपत्तीचं संरक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क मान्य झाला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर हा हक्क मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हजार हेक्टरांहून अधिक जंगलाचा हक्क मिळाला, आणि त्या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडायचा नाही असा निर्णय घेतला, कारण त्यासाठी होणारी छाटणी आणि लावल्या जाणाऱ्या आगी जंगलाला मारक होत्या. वापरण्याची मुभा असलेला माणूस असा निर्णय घेऊ शकत नाही. तो व्यवस्थापनाचा हक्क असलेलाच घेऊ शकतो.

संगणकाच्या प्रणालींतही हाच भेद आहे. दुकानातून आलेल्या बंदिस्त प्रणालीचा परवाना वाचला तर त्यात वापरण्याची मुभा असते. आत काय चाललं आहे ते पाहण्याचा, बदलण्याचा, शेजाऱ्याला प्रत देण्याचा हक्क नसतो. हा संगणकाचा निस्तार आहे. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला तो हे बदलण्यासाठी. १९८९ मध्ये त्यांनी जीपीएल हा परवाना लिहिला. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेलं लिनक्स १९९२ मध्ये त्या परवान्याखाली आलं. या परवान्याने चार गोष्टी वापरणाऱ्याच्या हाती दिल्या: कोणत्याही कामासाठी चालवणं, आतली रचना अभ्यासणं आणि बदलणं, प्रती वाटणं आणि सुधारलेल्या प्रती वाटणं. यात पैसे वाचतात हे खरं, पण तो मुद्दा दुय्यम आहे. फुकट मिळालेली गोष्ट उद्या काढूनही घेता येते. लिहून दिलेला हक्क तसा काढून घेता येत नाही.

परंतु हक्क कागदावर आला म्हणजे काम संपलं, असं मेंढ्याचा इतिहास सांगत नाही. २००९ मध्ये पट्टा मिळाल्यावरही गावाला आपला बांबू बाहेर विकता येत नव्हता, कारण वाहतूक परवाना, म्हणजे टीपी, वनविभागाच्या हाती होता. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेकडे आलं, तेव्हा तो हक्क खऱ्या अर्थाने चालू झाला. सॉफ्टवेअरमध्येही मोकळा परवाना पुरेसा पडत नाही, याचं ठळक उदाहरण सेंटओएसचं आहे. सेंटओएस ही मुक्त प्रणाली जगभर असंख्य सर्व्हरवर चालत होती. तिच्या आठव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत आधार मिळेल असं सांगितलं गेलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये तिच्यामागच्या रेड हॅट कंपनीने तो २०२१ अखेर थांबवण्याचं जाहीर केलं. परवाना मोकळा असल्यामुळे रॉकी आणि अल्मा या नव्या प्रणाली उभ्या राहिल्या. हक्काने आपलं काम केलं. पण निर्णय मात्र एका कंपनीच्या खोलीत झाला होता आणि धावपळ वापरणाऱ्यांच्या वाट्याला आली. म्हणून प्रणाली निवडताना दोन प्रश्न विचारायला हवेत. हक्क लिहून दिला आहे का? आणि व्यवस्थापन कुणाच्या हातात आहे?

इथे एक रास्त आक्षेप येतो. जंगल तोडलं की संपतं. सॉफ्टवेअरच्या कितीही प्रती काढल्या तरी मूळ प्रत कमी होत नाही. मग जंगलाचा नियम इथे कसा लावायचा? फरक खरा आहे, पण तो पूर्ण नाही. सॉफ्टवेअरमध्ये संपते ती निगा राखणाऱ्यांची उमेद आणि वेळ. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्या पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सुविधेत चोरवाट सापडली. तिची निगा एकच थकलेला माणूस वर्षानुवर्षं राखत होता. एका अनोळखी व्यक्तीने दोन वर्षं मदत करून त्याचा विश्वास मिळवला आणि घात केला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला डेबियनच्या ‘अस्थिर’ म्हणवल्या जाणाऱ्या शाखेवर काम करताना एक प्रक्रिया अर्ध्या सेकंदाने मंदावलेली दिसली, त्याने माग काढला, आणि चोरवाट स्थिर आवृत्तीत पोचण्याआधीच उघडी पडली. सामाईक संपत्ती टिकते कशी, याचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये, मेंढ्याला हक्क मिळाला त्याच वर्षी, अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचा निष्कर्ष असा होता की वापरणारेच जिथे नियम करतात, राखण करतात आणि तंटे मिटवतात, तिथे सामाईक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. जंगलात राखण झाडांची असते, इथे ती निगेच्या परंपरेची असते.

या कसोटीवर लिनक्सवर उभ्या असलेल्या प्रमुख प्रणाली तपासू. २००४ मध्ये आलेली उबुंटू सोपी आहे आणि तिच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना पाच वर्षं आधार मिळतो, पण तिची दिशा कॅनॉनिकल ही कंपनी ठरवते. फेडोरा तंत्रात पुढे आहे. मात्र तिची प्रत्येक आवृत्ती सुमारे तेरा महिने चालते आणि मागे रेड हॅट आहे. आर्च सतत ताजी राहते, त्यासाठी सतत इंटरनेटचं जाळं लागतं. लिनक्स मिंट २००६ पासून नवख्या माणसाला सर्वांत जवळची वाटत आली आहे. ती उबुंटूवर उभी आहे, आणि थेट डेबियनवर उभी असलेली तिची एक आवृत्तीही आहे. आपल्या देशाची बॉस ही प्रणाली सी-डॅकने २००७ मध्ये आणली, तीही डेबियनवरच. उबुंटू स्वतः डेबियनमधूनच निघाली. म्हणजे यातल्या बऱ्याच वाटा एकाच मुळाशी जातात. हे मूळ १९९३ मध्ये इयन मरडॉक यांनी रुजवलं. १९९७ मध्ये डेबियनने आपला सामाजिक करार लिहिला, १९९८ मध्ये घटना स्वीकारली. तिचा मालक कुणी नाही. जगभरचे सुमारे हजार स्वयंसेवक विकासक दरवर्षी मतदानाने प्रमुख निवडतात आणि वादाचे प्रश्न सर्वसाधारण ठरावाने सोडवतात.

ही व्यवस्था लोकांच्या अडचणीला उत्तर देते का, हेही पाहायला हवं. डेबियन बसवताना वाय-फाय चालत नाही, ही अनेक वर्षांची तक्रार होती, कारण काही यंत्रांना लागणारं बंदिस्त फर्मवेअर अधिकृत प्रतीत ठेवलं जात नसे. तत्त्व जपावं की नवख्या माणसाची सोय पाहावी, असा पेच होता. २०२२ मध्ये उघड चर्चा होऊन मतदान झालं, सामाजिक करारात दुरुस्ती झाली, आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून ते फर्मवेअर अधिकृत प्रतीत आलं. मेंढ्याची ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते, डेबियन मतदानाने. पद्धती वेगळ्या आहेत; पण दोन्हीकडे निर्णय उघड्यावर होतो आणि ज्यांना काम करायचं आहे तेच तो करतात.

पुढची कसोटी या भूगोलाची आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. एटापल्ली, सिरोंचा, कोरची या तालुक्यांतल्या अनेक गावांत जाळं असलं तरी भरवशाचं नाही. दर आठवड्याला शेकडो मेगाबाइट मागणारी प्रणाली तिथे ओझं होते. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, मधल्या काळात मुख्यतः सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, आणि आधाराची एकूण मुदत पाच वर्षांची असते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत ६९ हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत. हा सगळा साठा डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर घेऊन जाळ्याशिवाय वापरता येतो. गडचिरोलीत किंवा ब्रह्मपुरीत एकदा उतरवलेला साठा आलापल्लीपर्यंत हातात नेता येतो, आणि तो दहा शाळांत वाटण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप घेतला तर २ जीबी मेमरीच्या यंत्रावरही लिखाण आणि हिशेब होतात. आजच्या ब्राउझरला मात्र ४ जीबी हवीच. तसंच तेराव्या आवृत्तीत ३२-बिट संगणकांसाठीची स्थापना-प्रत बंद झाली आहे. जुन्या यंत्राला जीवदान मिळतं, अमरत्व नाही, हे लक्षात ठेवूनच नियोजन करायला हवं.

भाषेचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. डेबियन बसवण्याची प्रक्रियाच मराठीतून करता येते. इनस्क्रिप्ट, ध्वन्यनुसारी, गमभन अशा मराठी टंकनाच्या पद्धती तिच्या साठ्यात आहेत, लोहितसारखे मुक्त देवनागरी टंकही आहेत. पण इथली भाषा केवळ मराठी नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ३० लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा सांगितली. मुन्शी मंगलसिंग मसराम यांच्या गोंडी लिपीला २०१७ मध्ये युनिकोडच्या दहाव्या आवृत्तीत जागा मिळाली, आणि आपल्या सीमेलगतच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाला गावाच्या लिपीला २०१८ मध्ये अकराव्या आवृत्तीत. दोन्ही लिपींचे नोटो टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत. उद्या गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या तरुणांनी ठरवलं की संगणकाच्या पडद्यावरची सगळी शब्दावली आपल्या भाषेत आणायची, तर मुक्त प्रणालीत त्यांना कुणाचा बाजारहिशेब पटवून द्यावा लागत नाही. भाषा बोलणारे पुढे आले की काम सुरू होतं. लहान भाषांसाठी यापेक्षा भक्कम जमीन मला दुसरी दिसत नाही.

आता मुख्य आक्षेपांना उत्तरं देतो. पहिला आक्षेप पालकांचा: एमएस-सीआयटी, टंकलेखनाची परीक्षा, कचेरीतलं काम सगळं विंडोजवर, मुलं मागे पडतील. ही काळजी मी हलकी मानत नाही. परीक्षा ज्या यंत्रावर होते त्याचा सराव त्याच यंत्रावर व्हायला हवा, आणि त्यासाठी प्रयोगशाळेत एखादा संगणक विंडोजचा ठेवावा किंवा दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी बसवाव्यात. पण महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, आपले सरकार संकेतस्थळ, बँकेचं काम हे सगळं ब्राउझरमधून होतं आणि ब्राउझर सगळीकडे सारखाच आहे. लिब्रेऑफिसमध्ये जमाखर्चाची सूत्रं शिकलेला मुलगा एक्सेलसमोर अडत नाही. ज्याला फक्त बटणाची जागा शिकवली तो पुढची आवृत्ती येताच अडतो.

दुसरा आक्षेप कामाच्या साधनांचा आहे. सेवा केंद्रातली काही बोटांच्या ठशांची यंत्रं, काही प्रिंटर, टॅलीसारखे हिशेबाचे प्रोग्रॅम, डीटीपीवाल्यांचं पेजमेकर आणि कोरलड्रॉ विंडोजशी बांधलेले आहेत. जिथे पोट त्यावर आहे तिथे आज बदल करा असं मी म्हणणार नाही. मात्र त्यातला एक भाग आपण स्वतः बांधून घेतलेला आहे. कृतिदेव किंवा सुरेख यांसारख्या जुन्या टंकांत लिहिलेला मराठी मजकूर तो टंक नसलेल्या यंत्रावर निरर्थक अक्षरांत दिसतो. बंदिस्त स्वरूपातल्या फायलीही तशाच परावलंबी असतात. बांबू आपला आणि टीपी दुसऱ्याकडे, अशी ही स्थिती आहे. युनिकोडमध्ये लिहिलं आणि २००६ मध्ये आयएसओ मानक झालेल्या ओडीएफ स्वरूपात जतन केलं की आपल्या नोंदी कुठेही नेता येतात. केंद्र सरकारने २०१० मध्ये खुल्या मानकांचं आणि २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचं धोरण स्वीकारलं आहे. त्याचा आधार ग्रामसभेला आणि शाळेला घेता येतो. प्रणाली आज बदलो वा न बदलो, नोंदी मोकळ्या करण्याचं काम उद्यापासून सुरू होऊ शकतं.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण आहे: बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? म्युनिक शहराचं उदाहरण नेहमी दिलं जातं. त्या महापालिकेने सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर नेले, २०१३ मध्ये काम पूर्ण केलं, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळण्याचा ठराव केला. कारणांत फायलींच्या देवाणघेवाणीचे त्रास होते, महापालिकेच्या संगणक विभागाची विस्कळीत रचना होती, राजकारणही होतं. याच्या शेजारी केरळ ठेवून पाहा. २००१ मध्ये सुरू झालेल्या आयटी@स्कूल प्रकल्पाने पुढे शाळांसाठी मुक्त सॉफ्टवेअरच निवडलं, शिक्षकांनाच प्रशिक्षक केलं आणि पाठ्यपुस्तकं त्याच प्रणालीवर लिहिली. २०१९ मध्ये त्या राज्याच्या काइट या संस्थेने दोन लाखांहून अधिक संगणकांवर नवी आवृत्ती नेताना सुमारे ३ हजार कोटी रुपये वाचतील असा अंदाज दिला. महाराष्ट्रातही २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत लिनक्सवर चालणारे छोटे लॅपटॉप मुलांच्या हाती गेले होते. तो प्रयोग राज्यभरच्या शाळांची व्यवस्था बनला नाही. तंत्र तिन्ही ठिकाणी एकाच कुळातलं होतं. फरक पडला तो निगा राखणारी माणसं तयार झाली की नाही, यामुळे. म्हणून हा आक्षेप मी मान्य करतो आणि म्हणतो की उत्तर बाहेरून येणार नाही, ते इथे तयार करावं लागेल.

मोबाइल असताना हे सगळं कशाला, असंही कुणी विचारेल. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे, हे खरं. पण फोनवर अर्ज पाहता येतो. ग्रामसभेची वर्षाची हिशेबवही, वनव्यवस्थापन आराखडा, क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्रॅममध्ये काढलेला गावसीमेचा नकाशा यांना संगणक लागतो. निर्णय घेणाऱ्या गावाला नोंद ठेवणारं साधन हवं, आणि ते साधन त्याच्या ताब्यात हवं.

त्यासाठी मार्ग इथलाच आहे. मोहन हिराबाई हिरालाल आणि देवाजी तोफा यांच्या कामातून मेंढ्यात अभ्यासगटाची परंपरा रुजली: आधी मिळून अभ्यास, मग ग्रामसभेत निर्णय. प्रत्येक तालुक्यात संगणकाचा असा एक अभ्यासगट असावा. त्यात दोन-तीन शिक्षक, एक ग्रामरोजगार सेवक, संगणक दुरुस्त करणारा एखादा दुकानदार आणि महाविद्यालयातले विद्यार्थी असावेत. गोंडवाना विद्यापीठासारख्या संस्थेने डेबियनचा पूर्ण साठा आपल्याकडे ठेवावा आणि दर सहा महिन्यांनी ताजी प्रत तालुक्यांना द्यावी. सुरुवात अशा एकाच यंत्रापासून करावी ज्याला विंडोज ११ नाकारतं. पूर्ण वर्ष त्यावर हिशेब ठेवावेत, अडचणी लिहून काढाव्यात, आणि मगच पुढचा निर्णय करावा. नवख्यांना मिंटचा डेबियनवर उभा असलेला चेहरा सोपा वाटला तर तोही घ्यावा. मूळ तेच राहतं.

डेबियन ही निवड मी तिच्या रूपामुळे करत नाही. तिच्यात हक्क लिहिलेला आहे, व्यवस्थापन वापरणाऱ्यांच्या आणि घडवणाऱ्यांच्या हाती आहे, पूर आला तरी ती चालते आणि आपल्या भाषांना तिच्यात जागा आहे. या दोन जिल्ह्यांतल्या गावांनी निस्तारावर समाधान मानलं असतं, तर आज त्यांच्याकडे वनहक्काचे पट्टे नसते. संगणकाच्या बाबतीतही त्यांनी वापराच्या मुभेवर थांबू नये. हक्क मागायला इथे कुणाच्या दारात जावं लागत नाही. तो मिळालेला आहे. बाकी आहे ती निगा, आणि ती आपण राखायची आहे.